बेपत्ता बापाची संमती आणायची कुठून?

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सस्नेह नमस्कार.

मी यावल तालुक्यातला केळी पिकवणारा शेतकरी. पत्नीच्या पहिल्या लग्नाची मुलगी आमच्या घरी लहानाची मोठी झाली. मला ती अप्पा म्हणते. तिचा जन्मदाता कामाला म्हणून सुरतेला गेला तो गेलाच. फोन बंद, पत्ता नाही, खावटी तर दूरच.

तिला मला रीतसर दत्तक घ्यायचं आहे. 2022 च्या दत्तक नियमावलीत सावत्र पालकाची तरतूद आहे: पोर्टलवर नोंदणी, जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत अर्ज, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. पण चौकशीला गेलो की एकच उत्तर मिळतं, आधी बापाची संमती आणा. दत्तकपत्राची वाटही तिथंच अडते. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात संमतीतून सूट आहे ती संन्यास घेतलेल्याला, धर्म सोडलेल्याला आणि न्यायालयाने वेडा ठरवलेल्याला. लेकराला टाकून गेलेल्याचा त्यात उल्लेखच नाही.

याच माणसाविरुद्ध न्यायालयाने पेपरात जाहीर नोटीस देऊन एकतर्फी घटस्फोट मंजूर केला. त्याने बायकोला टाकलं, हे तिथं सिद्ध झालं. मग पोरीला टाकलं हे मानायला काय अडचण आहे? बाप वारला असता, तर मूल दत्तक देण्याचा आईचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येच स्पष्ट केला आहे. पोरीचा बाप मेलेला नाही, आणि सापडतही नाही.

उद्या माझं काही झालं तर माझ्या शेतात तिला वारस म्हणून हक्क नाही. मृत्युपत्र मी करीनच. पण शाळेच्या दाखल्यावर, प्रत्येक फॉर्मवर तिला त्या माणसाचं नाव लिहावं लागतं, ते मृत्युपत्राने कसं सुटेल?

संमतीची अट काढा, असं मी म्हणत नाही. मुलाच्या ताब्यासाठी झगडणाऱ्या बापावर अन्याय होऊ नये. दावा चालू असेल तर दत्तक प्रक्रिया थांबते, हे योग्यच आहे. मागणी एवढीच, की बेपत्ता पालकासाठी ठरलेली पद्धत असावी. शेवटच्या पत्त्यावर नोटीस, पेपरात जाहिरात, पोलिसांचा शोध अहवाल, ठरावीक मुदत, आणि मग मुलीचं म्हणणं ऐकून जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय. आपण तसं परिपत्रक काढावं आणि नियमात बदलासाठी केंद्राकडे शिफारस करावी.

मुलगी नववीत आहे. हिंदू कायद्याने पंधरा वर्षं पूर्ण झाली की, तशी रूढी नसेल तर, दत्तकपत्राची वाट बंद होते. नियमावलीची अठराला. कृपया लवकर निर्णय घ्यावा.

आपला नम्र,
एक सावत्र बाप, यावल तालुका, जि. जळगाव