अडवून ठेवलेल्या रात्रीचे मोल

महोदय,

खासगी रुग्णालयांतील मानधनी डॉक्टरांच्या ‘ऑन-कॉल’ पाळ्यांबद्दल हे पत्र. भूलतज्ज्ञ म्हणून महिन्यातील दहा रात्री मी फोन उशाशी ठेवून, रुग्णालयात अर्ध्या तासात पोहोचता येईल अशा बेताने घरीच थांबतो. बोलावणे आले नाही, तर मोबदला शून्य. प्राप्तिकराच्या लेखी मी स्वतंत्र व्यावसायिक असल्याने मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जातो आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी वा भरपगारी रजा यांपैकी काहीच मिळत नाही. अशा डॉक्टरांचे मानधन हे वेतन नव्हे, असा निर्णय पुण्यातील एका रुग्णालयाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. तो मला मान्यच आहे, कारण व्यवसायाचा खर्च वजा करण्याची मुभा त्यातूनच मिळते. मात्र आम्हाला स्वतंत्र म्हणणाऱ्या रुग्णालयांनी रात्र राखून ठेवण्याचे वेगळे शुल्क करारात लिहिलेच पाहिजे.

— एक भूलतज्ज्ञ, नाशिक