जुन्या पवनचक्क्या बदलताना गावाचा वाटा आधी ठरवा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पावसाळ्यात साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, येऊन पवनचक्कीपुढे सेल्फी काढणारे पुष्कळ असतात, आमची काही तक्रार नाही, कणसं भाजून विकणाऱ्या बायकांना तेवढेच चार पैसे सुटतात. पण फोटो काढणाऱ्यांना आणि तुमच्या पेपरात पवनचक्कीवर लिहिणाऱ्यांनाही गावाचा हिशोब माहीत नसतो म्हणून हे पत्र.

वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर हा सगळा पट्टा कोयनेच्या पाण्यावरचा उंच सडा. खाली जांभ्याचा कातळ, वर वीतभर माती, नाचणी आणि वरी सोडून काही पिकत नाही, म्हणून तर पाटण तालुक्यातली निम्मी घरं माथाडी कामाला मुंबईला गेली. पंचवीसेक वर्षांपूर्वी पवनचक्क्या आल्या तेव्हा असल्या खडकाला गिऱ्हाईक मिळतंय याचंच लोकांना नवल, जो भाव बोलले त्या भावात एकरकमी देऊन टाकली जमीन. आमच्या चुलत्यांनीही दिली. त्या पैशात थोरल्या बहिणीचं लग्न झालं, घरावर पत्रे आले, विषय संपला. पवनचक्की मात्र अजून फिरतेय.

आता फायदा झालाच नाही असं म्हणलं तर खोटं बोलल्यासारखं होईल. सगळ्यात मोठा फायदा रस्ता. पाती घेऊन येणारे लांबलचक ट्रेलर वळणावर अडकायला लागले म्हणून बांध कापून रस्ता रुंद केला, त्याच्या आधी आजारी माणसाला झोळीत घालून खाली उतरवायला लागायचं, माझ्या आजीला तसंच नेलं होतं. दुसरा फायदा नोकऱ्या, पण इथं जरा खरं बोलू. बहुतेकांना वॉचमनचीच नोकरी मिळाली आणि ती पण ठेकेदाराकडची. आयटीआय केलेली हाताच्या बोटावर मोजण्याइतकी पोरं मेंटेनन्सला लागली, त्यातला एक माझा पुतण्या, कमरेला बेल्ट लावून टॉवरच्या आतल्या शिडीने वर चढतो, म्हणतो काका जुलैत वर गेलं की अख्खा टॉवर झुलतो, पहिल्या दिवशी पोटातलं सगळं बाहेर आलं होतं. आता मोटरसायकलचा हप्ता त्यावरच चालतो.

पवनचक्क्या ढग पळवतात, पाऊस घालवतात असं अजून ऐकायला येतं. अहो जून ते सप्टेंबर ढग आमच्या सड्यावर खाली उतरूनच बसलेले असतात, दहा पावलांवरची म्हैस दिसत नाही, आणि पावसाचे ढग खालपासून वर कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले असतात, त्यांना हे पंखे काय हलवणार. उलट नैऋत्येचा तोच वारा पवनचक्कीचा सीझन. वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट नाही, आठपट होते, म्हणून वर्षाची बरीचशी कमाई या चार महिन्यांतच होते, आणि तेव्हा ऊन नसल्याने सोलरवाले गप्प असतात.

नुकसान झालं ते वेगळंच. चाळकेवाडीच्या पठारावर शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, २०१८ साली छापून आला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, त्यामुळे सरडे वाढले आणि इतके निवांत झाले की माणूस जवळ आला तरी लवकर पळत नाहीत. वाचून हसू आलं, म्हणजे कोणाला तरी इथं निवांतपणा मिळाला.

मुद्द्यावर येतो. आमच्याकडच्या जुन्या पवनचक्क्या बऱ्याचशा एक मेगावॅटच्या आतल्या, आणि पवनचक्कीचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं धरतात. अशा छोट्या काढून त्याच जागी मोठ्या बसवायचं धोरण केंद्राने २०१६ ला आणलं, २०२३ ला सुधारलं. याला रीपॉवरिंग म्हणतात. आता एकच पवनचक्की दोन-तीन मेगावॅटची येते. म्हणजे नवे करार होणार, नवे ट्रेलर येणार, पुन्हा बांध कापणार. गावाला बोलायची संधी हीच, एकदा खांब उभा राहिला की कोण विचारतंय.

ब्रिटनमध्ये, खास करून स्कॉटलंडमध्ये, जमिनीवरच्या पवनचक्क्यांसाठी दर मेगावॅटला वर्षाला ५,००० पौंड गावाच्या फंडात द्यायची पद्धत आहे. कायद्याची सक्ती नाही, पण तोच रेट धरला जातो. आपल्या पैशात पाच लाखांच्या वर झाले. तिथली वीज महाग, कंपन्या श्रीमंत, सगळं मान्य. त्याचा पाचवा हिस्सा धरा, मेगावॅटला एक लाख, तरी तीन मेगावॅटच्या एका पवनचक्कीमागे गावाला वर्षाला तीन लाख, आणि सड्यावर एकच थोडीच असणार आहे. डेन्मार्कमधल्या साम्सो बेटावर तर २००० साली ११ पवनचक्क्या लावल्या, त्यातल्या नऊ शेतकऱ्यांच्या आणि दोन लोकांनी वर्गणी काढून सहकारातून. सहकार म्हणजे काय हे साताऱ्याच्या माणसाला कोणी शिकवायला पाहिजे का, कारखाने काढले, दूध संघ काढले, मग वाऱ्याचीच सोसायटी का नको? पण ते लांबचं राहू दे, आधी मेगावॅटमागे ठरलेली रक्कम ग्रामसभेच्या खात्यात दरवर्षी जमा व्हावी, एकरकमी नाही, आणि ती करारात लिहिलेली असावी. आमच्या ग्रामपंचायतीत कराच्या थकबाकीचा विषय दर ग्रामसभेला निघतो आणि चहा पिऊन संपतो, तसं याचं व्हायला नको. आयटीआयच्या दोन-चार पोरांना ट्रेनिंग देऊन कंपनीनेच कायम घ्यावं हे पण त्यातच लिहा.

अजून एक, जुने टॉवर काढल्यावर खालचं काँक्रीट कोण काढणार तेही आधीच ठरवा. आमच्या बांधाला लागून असलेली एक पवनचक्की काही वर्षांपूर्वी उतरवून नेली, पाया तसाच सोडला. त्यावर सध्या आमच्या दोन म्हशी बांधतो, चिखल होत नाही. तेवढा एक राहिला तरी चालेल.

आपला,
एक वाचक
ता. पाटण, जि. सातारा