आईला सेंटरला ठेवणार नाही, ठरल्याप्रमाणे शिकलेली बाई घरी पाठवा

नमस्कार,

मी वडगाव, बेळगावची तुमची कस्टमर. आईला लकवा मारून उजवी बाजू गेलीय, तिला सांभाळायला तुमच्या एजन्सीकडून दिवसपाळीची बाई घेतली, महिन्याचा अ‍ॅडव्हान्स आधीच भरलाय. बाई ट्रेनिंग झालेली असेल, मराठी येणारी असेल आणि कायम तीच येईल असं तुम्ही सांगितलं होतं. आता सारखी नवीन बाई येते, मधेच न कळवता सुट्टी, आणि प्रत्येकीला आम्हीच पहिल्यापासून शिकवायचं.

परवा आलेल्या बाईने आईला आडवं ठेवूनच पेज भरवली, असा ठसका लागला की आईचा श्वास अडकला, शेजारच्या काकू धावत आल्या म्हणून निभावलं. अशा पेशंटला नीट बसवून, हनुवटी जरा खाली घेऊन छोट्या चमच्याने द्यायचं, गिळलंय बघून मगच पुढचा घास, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची नाहीतर पाठीला जखमा होतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या पोरीवर माझा राग नाही, बिचारी पोटासाठी आलेली, न शिकवता तुम्हीच तिला पाठवलंत.

आणि फोन केला तर तुमचे मॅनेजर म्हणतात घरी जमत नसेल तर आमच्या सेंटरला आणून ठेवा. का म्हणून? आईला बोलता येत नाही नीट पण समजतं सगळं, विचारलं की जोरात मान हलवून नाही म्हणते. तिचा जन्म ह्या गल्लीत मागाच्या खडखडाटात गेलाय, दुपारी बायका येऊन बसतात, कोणीतरी वेणी घालून देतं, डाव्या हाताने ती अजून शेंगा निवडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५ आहे, कुठं राहायचं याची सक्ती नको आणि घरच्या घरी मदत मिळावी असं त्यात आहे. ती जबाबदारी सरकारवर टाकलीय हे मला माहीत आहे, पण घरच्या सेवेचे पैसे तर तुम्ही घेतलेत ना!

शिकलेली, मराठी येणारी एकच बाई द्या, ती सुट्टीवर गेली तर बदली कोण येणार ते आदल्या दिवशी कळवा आणि बाई आली नाही त्या दिवसांचे पैसे परत करा. आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पावत्या आणि मेसेज सगळे जपून ठेवलेत.

तुमची कस्टमर,
वडगाव, बेळगाव