बुजऱ्या पोरांना कोर्टवर जागा मिळवून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

मागच्या बास्केटबॉल सीझनच्या मध्यावर मी तुम्हाला फोन केला होता. "पोरं गुणी आहेत सर, पण फार बुजरी आहेत. अ‍ॅग्रेसिव्ह कशी करू?" असं विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. "येऊन बघतो," एवढंच म्हणालात, आणि त्यानंतर सलग अकरा शनिवार येत राहिलात. मानधनाचा विषय काढला की तुम्हाला बुटाची नाडी बांधायची आठवण व्हायची. त्या शनिवारांचे आभार समोरासमोर मानायला मी दोनदा आलो आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून परतलो. म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण बाजूच्या रेषेवर उभं राहून अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर "घुस! घाबरतोस काय?" असं ओरडणारा मी एकटाच कोच नसणार.

पहिल्या शनिवारी तुम्ही कोपऱ्यात बसून कागदावर रेघा मारत होतात. मला वाटलं, नव्या ड्रिल्सची यादी मिळणार. कागदावर फक्त एका मुलीची नोंद होती. आमच्या टीममधली सगळ्यांत मुखदुर्बळ मुलगी, तिचं नाव इथे लिहीत नाही. सराव सामन्यात तिच्या हातात नऊ वेळा बॉल आला आणि नऊही वेळा तिने तो लगेच दुसऱ्याला देऊन टाकला. मी म्हणालो, "बघा ना सर, भीती." तुम्ही म्हणालात, "नऊही वेळा तिची पाठ रिंगकडे होती. जे दिसतच नाही त्याच्यावर ती चाल कशी करणार?"

सहा महिने मी त्या मुलीच्या मनाबद्दल बोलत होतो. तुम्ही तिच्या पायांपासून सुरुवात केलीत.

जंप स्टॉप म्हणजे उडी घेऊन दोन्ही पायांवर एकदम थांबणं, बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर, पिव्हॉट म्हणजे एक पाय रोवून त्यावर फिरणं, तोंड रिंगकडे. दोन आठवडे बहुतेक एवढंच. ड्रिबल म्हणजे बॉल टप्पे मारत नेणं नाही, शॉट नाही. समोरची दोन मुलं बॉलवर हात मारतायत आणि हिने फक्त एका पायावर फिरत बॉल जपायचा. मला आठवतंय, आधी दबाव आला की ती बॉलवर अक्षरशः ओणवी व्हायची, बॉल पोटाशी धरायची आणि डोळे जमिनीकडे. मग तुम्ही नियम सांगितलात की डिफेंडर अगदी अंगाला भिडून उभा असला तरी पास, शॉट किंवा ड्रिबल करायला पाच सेकंद मिळतात. सगळ्या मुलांना एका सुरात मोठ्याने पाच मोजायला लावलंत. कितीतरी वेळ असतो तो! मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांनी आजवर एक सेकंदही वापरला नव्हता. त्या दिवशी तिने पहिल्यांदा बॉल डोक्यावर नेला, चौफेर पाहिलं आणि मग पास दिला. शॉट मारला नाही. पण तो पास तिने ठरवून दिलेला होता.

दुसरी गोष्ट बॉलची. हे लिहिताना अजून लाज वाटते. आमच्याकडे सगळे ७ नंबरचे बॉल होते, घेर ७५ सेंटिमीटरच्या वर, मोठ्या पुरुषांचे. रिंग ३.०५ मीटरवर. लहान मुलं कमरेपासून बॉल भिरकावायची, तो रिंगपर्यंत पोचायचा नाही, आणि मग शॉट मारणंच टाळायची. मी त्याला भित्रेपणा म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, "हा शहाणपणा आहे. जे होणार नाही हे माहीत आहे ते ती करत नाहीयेत." मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते आणि बॉल ५ नंबरचा, हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही असेन. पण माझ्या कोर्टवर ते आणायचं मला सुचलं नव्हतं. तुम्ही स्वतःच्या पिशवीतून चार लहान बॉल काढून ठेवलेत. पुढच्या तासाभरात त्या पोरांनी जेवढे शॉट मारले तेवढे आधीच्या महिन्याभरात मारले नसतील. धीर वगैरे कुणी दिला नव्हता. बॉल हातात मावत होता, इतकंच.

पण सगळ्यांत जास्त ऋण आहे ते चौथ्या शनिवारचं.

सामना चालू होता. एका मुलाचा पास चुकला, मी लगेच त्याला बाहेर काढून दुसऱ्याला आत पाठवलं. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "पुढची पाच मिनिटं कोर्टकडे बघू नकोस. मुलांचे डोळे कुठे जातात ते बघ." मी पाहिलं. पास चुकला की बेंचकडे. शॉट हुकला की बेंचकडे. बॉल हातात घेण्याआधीसुद्धा एकाने माझ्याकडे पाहिलं. सर, ती मुलं समोरच्या टीमला घाबरत नव्हती. ती मला घाबरत होती. चुकलं की बाहेर बसावं लागतं, हे त्यांना मीच शिकवलं होतं, आणि न चुकण्याचा सोपा मार्ग त्यांनी शोधला होता: काहीच करायचं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्ही रागावला नव्हतात, उपदेशही केला नव्हतात. फक्त दोन नियम घालून दिलेत. धाडस करताना चूक झाली तर त्या मुलाला पुढची दोन मिनिटं कोर्टवरून काढायचं नाही. आणि काढायचंच असेल तर ते रिंग समोर असूनही तिकडे न पाहणाऱ्याला, तेही शेजारी बसवून, काय दिसलं ते विचारून, पुन्हा आत पाठवण्यासाठी. पहिले दोन सामने आम्ही मोठ्या फरकाने हरलो. टर्नओव्हर, म्हणजे बॉल समोरच्या टीमच्या हाती जाणं, भरपूर झाले. पालकांनी मला विचारलंही, हे काय चाललंय म्हणून. तुम्ही पाठीशी नसतात तर मी तिसऱ्या सामन्यात जुन्या वळणावर गेलो असतो, हे अगदी खरं सांगतो. तिसऱ्या सामन्यात मुलांचे डोळे बेंचकडे यायचे कमी झाले. मला ते जिंकण्यापेक्षा मोठं वाटलं.

मग आली धक्क्याची भीती. ही खरी भीती होती, आणि तुम्ही ती खरी मानलीत. "काही होत नाही" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, कारण लागतं. आधी दोघांनी खांद्याला खांदा लावून नुसतं रेटायचं. मग वर्तुळाच्या मध्ये बॉल ठेवून एकाने पाठीने दुसऱ्याला अडवायचं, बॉक्स आउट. मग फोमचं पॅड घेऊन लेअपच्या वेळी, म्हणजे रिंगजवळ धावत जाऊन बॉल टाकताना, हलका धक्का, आणि पॅड धरणारी त्यांचीच मैत्रीण. आमची ती मुलगी प्रत्येक धक्क्यानंतर "सॉरी" म्हणायची. मला ती सवय मोडायची होती. तुम्ही तिला म्हणालात, "सॉरी म्हणणं छान आहे. फक्त शिटी वाजल्यावर म्हण." तिचा चांगुलपणा शाबूत ठेवून तुम्ही तिला खेळायला शिकवलंत. याबद्दल किती लिहू?

आणि जागेचा नियम! १८९१ मध्ये नेस्मिथ यांनी खेळ मांडला तेव्हा १३ नियमांतच ढकलणं, खांद्याने रेटणं, पाय घालणं बंद केलं होतं, ही गोष्ट तुम्ही मुलांना गोल बसवून सांगितलीत. मग जमिनीवर उभं राहून दोन्ही हात वर केलेत आणि म्हणालात, "मी नियमाने जिथे उभा आहे तिथपासून वरपर्यंतची सगळी हवा माझी. कुणी आत आला तर फाऊल त्याचा." मी हा नियम नेहमी काय करू नये म्हणून शिकवला होता. तुम्ही तो हक्क म्हणून शिकवलात. भिडस्त मुलांना आयुष्यभर सांगितलेलं असतं की बाजूला हो, जागा दे. आधी पोचलीस तर ती जागा तुझी आहे, असं नियमाच्या पुस्तकाच्या आधारानं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

बाकी किती आठवू. डिफेंडरला एक पाऊल मागे उभं करून सुरू होणारं वन-ऑन-वन, ज्यात आक्रमण करणाऱ्याला सुरुवातीला यश मिळतंच, आणि मग आठवड्यागणिक ते अंतर कमी होत जाणं. बॉल रिंगला नुसता लागला तरी एक गुण. सगळ्यांत अबोल मुलाला "शॉट!" ओरडायची जबाबदारी, आणि त्याचा आवाज आल्याशिवाय कुणी बॉक्स आउट करायचं नाही हा दंडक. पहिल्या दिवशी त्याचा आवाज त्यालाही ऐकू आला नसेल. आता मला कानात बोटं घालावी लागतात.

एका मुलाने मात्र उलटा अर्थ घेतला होता. दात-ओठ खाऊन खेळायला लागला, कोपर मारलं. मला वाटलं, चला, निदान एक तरी अ‍ॅग्रेसिव्ह झाला. तुम्ही त्याला बाहेर घेतलंत आणि विचारलंत, "आत्ता तुझी नजर कशावर होती, बॉलवर की त्याच्यावर?" तो गप्प. "बॉलवर आली की सांग, आत जा." मी बारा वर्षं हा खेळ खेळलो, सर, पण आक्रमकता आणि राग यातला फरक इतक्या थोड्या शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता.

आता तिच्याबद्दल. तुम्ही यायला लागलात तोवर तिच्या नावावर एकही फाऊल नव्हता. तुम्ही तिला सांगितलं होतंत, "प्रत्येकाला पाच फाऊल असतात. चार होईपर्यंत तू खेळतच असतेस. आज बॉलसाठी जाताना दोन झाले तर मला आनंद होईल." तिचा पहिला फाऊल झाला तेव्हा आख्खा बेंच उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि रेफ्रींना काही कळेना.

शेवटच्या सामन्याला तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सांगतो. तिने चार गुण केले. दोनदा कुणाच्याच हातात नसलेल्या लूज बॉलसाठी जमिनीवर झेप घेतली. शेवटच्या क्वार्टरमध्ये तिचा पाचवा फाऊल झाला आणि ती बाहेर आली. मला वाटलं, रडेल. ती माझ्याशेजारी बसली, पाणी प्यायली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "सर, पाचवा बरोबर होता. चौथा नव्हता. मी आधी पोचले होते. दोन्ही पाय जमिनीवर होते."

घरी येऊन मी व्हिडिओ तीनदा पाहिला. ती आधी पोचली होती, सर. व्हिडिओ जपून ठेवलाय. शनिवारी घेऊन येतो, तुम्हीही बघा.

तुमचा ऋणी,
तुमच्याकडून अजून शिकणारा एक कोच