बाबा, गच्चीवरून खाली या

कोथरूड, रविवार रात्र

ती. आई-बाबांस, सा. न. वि. वि.

फोनवर बाबा नुसतं "हं, हं" करतात आणि आईचा आवाज भरून येतो, मग माझाही. म्हणून पत्र.

आई, परवा तू दबक्या आवाजात सांगितलंस ते डोक्यातून जाईना. बाबा बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेऊन भर बाराला गच्चीवर खुर्ची टाकून बसतात, तेही टोपी काढून. का, तर व्हिटॅमिन आणि प्रकाशाने कातडीचा कॅन्सर जातो, असं कुणीतरी मोबाईलवर पाठवलं. बाबा, ऐकून आधी मला हसू आलं. मग रात्रभर झोप लागली नाही.

तुम्ही वाचलंत ते थाप नाही. मी आठवडाभर तेच वाचत होते. बी-१२च्या रेणूत मधोमध कोबाल्ट नावाचा धातू असतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या लोकांनी त्याला औषध बांधून ठेवलं. प्रकाश पडला की तो बंध सुटतो आणि औषध तिथल्या तिथे मोकळं होतं. आपल्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही बी-६ आणि व्हॅनेडियम धातूची, प्रकाशाने जागी होणारी संयुगं केली आहेत. पण ती चालली प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर. आपल्या गोळीतल्या व्हिटॅमिनला असलं काही बांधलेलं नसतं हो. तिच्याने लघवी पिवळी होते, बस. आणि ऊन म्हणाल, तर तीस वर्षं मैदानावर शिट्टी फुंकताना खाल्लंत तेवढं पुरे झालं. त्यामुळेच तर नाकाशेजारी या कॅन्सरच्या गाठीने बस्तान मांडलं असणार.

दवाखान्यात खरोखर देतात तो प्रकाशोपचार निराळा. त्यातलं मलम व्हिटॅमिनचं नसतं. आपलं शरीर रक्तातला लाल रंग बनवताना जो पदार्थ वापरतं, तो त्यात असतो. ते लावून, झाकून तीनेक तास थांबायचं आणि मग लाल दिवा. मी डॉक्टरांना हेच आधी विचारलं, शपथ. सुरीविना भागलं असतं तर मला नको होतं का? पण तो प्रकाश कातडीत जेमतेम दोनतीन मिलिमीटर उतरतो. पातळ, पसरट डागाला ठीक. तुमची गाठ वर आलेली आहे, आणि काळी. काळा रंग प्रकाश वरच्या वर पिऊन टाकतो, खाली काय पोचणार? नेदरलँड्समध्ये अशाच वर आलेल्या गाठींवर दोन्ही उपाय करून पाच वर्षं पाहिलं. कापून काढलेल्यांपैकी शंभरात दोघातिघांनाच ती परत आली, दिव्याखाली गेलेल्यांत तिसाच्या वर.

म्हणून तुम्हाला न विचारता मी गाठ कापून काढायला मंगळवारची, १८ तारीख घेऊन टाकली. पैसेही भरले. बाबा, रागवा, पण येऊन रागवा. तेवढ्या जागेपुरतं बधिर करतात, तुम्ही जागेच असाल. टाके घालून त्याच दिवशी घरी. ही गाठ सहसा दुसरीकडे पसरत नाही, पण नाकाशी आहे, राहू दिली तर जागा खात जाते. दाढी करताना सारखं रक्त येतं ते तुम्ही लपवलंत, हे मला टॉवेलवरून कळलं होतं. काही बोलले नाही तेव्हा. चुकलंच माझं.

आजीच्या बावचीची आठवण आई काढेलच, म्हणून आधीच सांगते. आत्याच्या कोडावर बावची लावून उन्हात बसवायची, ते अगदी अडाणीपणाचं नव्हतं. बावचीतलं द्रव्य उन्हाने जागं होतं. पण तेच कातडी भाजतं, आणि असे उपचार फार वर्षं चालले तर उलट कॅन्सरचा धोका वाढतो. तेव्हा फडताळातली ती बाटली बाहेर काढायची नाही. आई, तुला सांगतेय.

इथे सगळं तयार आहे. खिडकीजवळचा पलंग बाबांना, कमोडशेजारी धरायला दांडी बसवून घेतली. पेपर सकाळी सहालाच पडतो. चहा आल्याचाच, आणि कप नाही, तुमचा पितळी पेला. भाकरी मला तुझ्यासारखी येत नाही गं आई, पण आता निदान फुगते तरी. तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकूंना मीच फोन केलाय.

चिनू झाली तेव्हा काविळीसाठी तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. काचेवर हात टेकून तुम्ही रात्रभर उभे होतात, आठवतं? "एवढीशी पोर आणि एकटी" म्हणत होतात. मंगळवारी काचेच्या अलीकडे मी असेन.

आता ऐका. तपासणीची फाईल, चष्म्याचं घर आणि मोठ्या काठाची टोपी घ्या. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून मी कळवते. तोवर गच्चीवर जायचं ते संध्याकाळी, तेही कपडे काढायला आईला मदत म्हणून.

सोमवारी कराडहून सकाळचीच एसटी धरा. पुण्याकडे येताना त्या वेळी ऊन उजव्या हाताला असतं, तेव्हा डावीकडच्या सीटवर बसा. आई, खिडकीशी तू बस.

तुमची,
मनू