पर्लकोटा उतरेपर्यंत थांब

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू भामरागडला निघालीस तेव्हा मी स्टँडवर आले नाही. गुडघा वगैरे काही दुखत नव्हता, बाबांना तसं सांगायला मीच लावलं. आदल्या रात्री "चार वर्षं नर्सिंग शिकून शेवटी सुईणपणच करायचं होतं का?" असं मी बोलले आणि तू भरल्या ताटावरून उठलीस. ते ताट डोळ्यांपुढून जात नाही.

एकच सांगते, मग विषय काढणार नाही. पर्लकोटा नदीला पाणी असेल तर निघायचं नाही. कुणी डोंगा घेऊन दारात आलं तरी नाही.

सुईणपण हा शब्द मी असा वापरावा याची लाज वाटते. मला वाढवलं सुईणीनेच. आजीला बाळंतपणाचं मिळायचं काय, तर चोळीचा खण, नारळ, पायलीभर जोंधळे. जिथे तेही नसे तिथे ती उलट आपलंच जुनं लुगडं फाडून बाळाला गुंडाळायला देऊन यायची. कंदील धरायला मी. दाराबाहेर बसायचं, आतून रडं ऐकू आलं की मग पेंगायचं. पुढे तालुक्याला दायांचं शिक्षण झालं. नवं ब्लेड, उकळलेला दोरा, साबणाने हात. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. रात्री म्हणाली, "म्हणजे ती धनुर्वाताची पोरं माझ्या विळ्यानं गेली गं." त्यानंतर मरेपर्यंत तिने पाणी खळखळ उकळल्याशिवाय कुणाच्या बाळंतिणीला हात लावला नाही. तू मात्र साबण स्वतःचा ने, तिकडे असेल-नसेल. बघ, लागले शिकवायला. तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. राग मानू नकोस.

सासूबाईंच्या आत्या बालविधवा. रमाबाई रानडे आणि देवधरांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं, तिथून त्या ससूनला नर्सिंग शिकल्या. सुट्टीला घरी आल्या की त्यांचं पान वेगळं मांडत. परक्याच्या रक्ताला हात लावणारी बाई म्हणून. माझ्या बोलण्यात आणि त्या पानात फरक तो काय?

शाळेत तू सावित्रीबाई झाली होतीस, आठवतं? जोतीराव आणि त्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, अडलेल्या विधवांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी केली, त्यातल्याच काशीबाईंचा यशवंत पुढे मुलगा म्हणून घेतला. तुला सगळं पाठ होतं. शेवटी १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन तू स्टेजभर चाललीस आणि मी टाळ्या वाजवल्या. आता मला सारखा यशवंत आठवतो. स्वतः डॉक्टर, प्लेगच्याच रुग्णांना तपासणारा, तरी १० मार्चला आई गेली.

म्हणून म्हणते, पाणी उतरेपर्यंत थांब. मामाचं झालं तेव्हापासून मला नदीचा आवाजसुद्धा सोसत नाही.

बाबांनी जुनं कात्रण काढून दाखवलं. तुझ्या गडचिरोलीतच डॉ. राणी आणि अभय बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना घरोघरी जाऊन बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, वेळ पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आजीला हे वाचून दाखवायला हवं होतं. तिची पोरगी तिथे चाललीय हेही. शेजारच्या काकूंना मी कालच सांगितलं, जरा मोठ्यानेच सांगितलं.

पार्सलमध्ये डिंकाचे लाडू आहेत, ते तुझ्यासाठी आहेत. बाळंतिणींना वाटशील हे माहीत आहे, म्हणून दोन डबे केलेत. खाली आजीची कात्री आहे. चालवू नकोस, नुसती जवळ ठेव.

संध्याकाळी बातम्यांत भामरागडचं नाव आलं की बाबा आवाज कमी करतात. मला कळतं. रेंज मिळेल तेव्हा पाणी किती आहे ते कळव.

तुझी,
आई