जिल्हास्तरीय सामने : खेळाडू मुली व पालकांसाठी सूचना

१७ वर्षांखालील मुलींचे जिल्हास्तरीय शालेय बास्केटबॉल सामने सोमवारी सुरू होत आहेत. आपला पहिला सामना सकाळी ९ वाजता आहे. सगळ्यांनी ८ वाजता किटसह कोर्टवर हजर राहावे. शनिवारी सराव संध्याकाळी ५ ते ७, रविवारी पूर्ण विश्रांती.

• जन्मदाखला, आधार कार्ड व शाळेचे ओळखपत्र शनिवारीच जमा करा. मूळ प्रती हव्यात.
• नखे कापलेली असावीत. कानातले, चेन, बांगड्या घरीच ठेवा.
• पोटभर नाश्ता सामन्याच्या दोन तास आधी. वडापाव नको, पोहे, केळी चालतील.

मुलींनो, फाऊलवर लक्ष द्या. पाचव्या वैयक्तिक फाऊलला खेळाडू बाहेर जाते. शिवाय एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाऊलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. सराव सामन्यांत आपण तिथेच गुण गमावले. हात मारू नका, पाय हलवून वाट अडवा.

पाळी, मुरगळ, ताप, काहीही असो, निःसंकोच सांगा. त्यामुळे कुणाचीही संघातली जागा जाणार नाही.

पालकांनी टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण गॅलरीतून सूचना देऊ नयेत, मुली गोंधळतात. सोमवारी गाडी नेऊ शकणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.

– प्रशिक्षक